तहानलेली रांग

विसरलेली टोपी घ्यायला त्या सकाळी मी लवकर रोपवाटिकेत गेले, म्हणून चोर सापडला. खेचरावरून तळ्याचं पाणी आणणारा अमिलकार माझ्या महोगनीच्या रोपांना गुपचूप पाणी घालत होता. तेही नेमकं मी मुद्दाम तहानलेली ठेवलेल्या रोपांना.

"काय चाललंय?"

त्याच्या हातातला डबाच सुटला. "तहान लागली होती... त्यांना."

"त्यांनी सांगितलं तुला?"

"माना टाकल्यात बिचाऱ्यांनी. ओदिलिया, तुझं काळीज दगडाचं आहे म्हणतात, ते खोटं नाही."

"कोण म्हणतं? गाव, की तू?"

तो असा लाजला, की मलाच हसू आवरेना.

मी त्याला समजावलं. जूनमध्ये ही पोरं जंगलात जाणार, तिथं डबा घेऊन कोण फिरणार? आत्ता तहान सोसली तर पानं गाळतील आणि सगळा जोर मुळांत घालतील. लाडावलेलं रोप ऑगस्टच्या उघडिपीत टिकत नाही. आणि यंदा रोपं टिकायलाच हवी होती. नाहीतर जंगल समिती रोपवाटिका बंद करणार आणि मी दूर फ्लोरेस शहरात मावशीच्या खानावळीत भांडी घासायला जाणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

त्याला काही पटलं नाही. "पाण्यावाचून कुणाचं भलं झालंय?"

"मग लाव पैज. ही रांग तुझी, पाज हवं तेवढं. बाकीच्यांना हात लावलास तर तुझं खेचर ठेवून घेईन. त्याला तरी अक्कल आहे."

"त्याच्यासोबत मलाही ठेवलंस तरी चालेल."

मी पटकन तोंड फिरवलं.

मग तो रोज सकाळी यायचा, आणि मीही रोज लवकर जायचे... टोपी न विसरता. माझ्या शिदोरीतल्या मक्याच्या तोर्तिया आणि घेवडा, निम्मं तोच संपवायचा, वर मीठ कमी म्हणायचा. मला ते दिवस फार आवडले.

जूनमध्ये रोपं लावली. ऑगस्टमध्ये पाऊस दडला तो दडलाच. शेवटी आम्ही दोघं बघायला गेलो. त्याची रांग करपून गेली होती, हात लावताच काडी मोडत होती. माझ्या रोपांवरही पान नव्हतं, नुसत्या काड्या.

अमिलकार मटकन खाली बसला. "सगळीच गेली. ओदिलिया, तेव्हा पाणी घातलं ना... झाडांसाठी नव्हतं गं. ती मेली तर तू जाशील, म्हणून."

मी त्याचा हात धरला आणि त्याच्याच नखानं माझ्या एका काडीची साल खरवडली. आत ओलं, हिरवंगार.

त्यानं दुसरी खरवडली, मग तिसरी. हिरवी. माझा हात मात्र सोडला नाही.

"म्हणजे तू... जाणार नाहीस?"

"नाही. पण आता पाणी घालायला येऊ नकोस."

"मग?"

"नुसताच ये."