साडेपाचच्या गाडीपर्यंत

"तारीख पडली," एवढं सांगून तो तरुण वकील वळला, तेवढ्यात शीतलनं मागून हाक मारली.

"ओ साहेब! पडली म्हणजे? आम्ही पहाटेच्या गाडीनं पूर्णेहून आलोय."

तो थांबला. अंगातला काळा कोट त्याला खांद्यावर जरा मोठाच होत होता. "न्यायाधीश साहेब रजेवर आहेत. आता नोव्हेंबरात. यात माझा... म्हणजे आमचा काही दोष नाही."

"मी दोष दिला का? नुसतं विचारलं."

तो हसला. त्याचं नाव प्रेमानंद. शीतलच्या घरचा दावा चालवणाऱ्या हिंगोलीच्या जुन्या वकिलांकडे तो नुकताच ज्युनियर लागला होता आणि गाव त्याचं डोंगरकडा. शीतलचे वडील जळबा रेल्वेतून निवृत्त होऊन पूर्णेच्या क्वार्टरजवळच राहत होते. हिंगोलीकडच्या साखऱ्याला त्यांची वडिलोपार्जित जमीन होती, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून धाकट्या भावाशी, पुंजाजीशी, पाच वर्षं दावा चालू होता. जळबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून शिक्षिका असलेली शीतल शाळेतून रजा काढून दर तारखेला सोबत यायची. ही गोष्ट शहाण्णवच्या सप्टेंबरातली.

"परतीची गाडी कितीला?" प्रेमानंदनं विचारलं.

"साडेपाच."

आता साडेअकरा वाजले होते.

"औंढ्याचं देऊळ पाहून झालं, नर्सीचं पाहून झालं," जळबा बाकावर टेकत म्हणाले. "आता काय ऱ्हायलं तुमच्या हिंगोलीत? बसू इथंच डास मारत."

"औंढा-नर्सी तर सगळेच पाहतात, काका. चला माझ्यासोबत. जवळच आहे."

त्यानं त्यांना इंग्रजांच्या जुन्या कब्रस्तानात नेलं. एके काळी इथं पलटणीची छावणी होती, हे शीतलला ठाऊकच नव्हतं. कमरेएवढं गवत, पायाखाली ओली माती आणि मधेमधे तिरपे झालेले दगड. जळबा दगडांवरून हात फिरवत होते. शीतल अक्षरं लावून वाचत होती. एक दगड अकरा महिन्यांच्या लेकराचा होता.

"तापानं गेलं," ती हळूच म्हणाली.

जळबांनी त्या दगडावरची माती हातानं पुसली. मग म्हणाले, "कुठलं लेकरू, कुठं येऊन निजलं."

परत येताना गवताची कुसळं शीतलच्या साडीच्या काठाला चिकटली होती. स्टेशनवर ती एकेक कुसळ काढत बसली. प्रेमानंद तिकिटाच्या खिडकीपासून तिच्याकडे पाहत होता. तिनं वर पाहिलं, तर तो घाईघाईनं गाड्यांचं वेळापत्रक वाचायला लागला.

नोव्हेंबरात समोरचा वकील आला नाही. त्या दिवशी प्रेमानंदनं त्यांना कयाधूवरच्या रेल्वेपुलाखाली नेलं. जळबांनी भाकरी खाल्ली आणि सावलीत डोळे मिटले. पाणी खडकांमधून बारीक वाहत होतं.

"तुम्ही सगळ्याच अशिलांना असं फिरवता?" शीतलनं विचारलं.

"नाही. बाकीचे तारीख घेतली की घरी जातात."

"आणि आम्ही?"

"तुमची गाडी साडेपाचला आहे ना..." तो पाण्याकडे पाहत म्हणाला.

"समजा, दुपारी दोनला एखादी गाडी सुरू झाली तर?"

"तर मी रेल्वेला निवेदन देईन. ती बंद करा म्हणून."

शीतलनं तोंडावर पदर धरला, पण हसू काही थांबेना. तेवढ्यात वरून मालगाडी धडधडत गेली, आणि डोळे न उघडताच जळबा म्हणाले, "बावीस डबे."

जानेवारीत हळद शिजत होती. गावाबाहेरच्या एका मळ्यात मोठ्या कढया चढलेल्या, आणि वाफेचा वास कपड्यांत, केसांत शिरलेला. मळेवाल्यानं मूठभर गरम हळकुंडं शीतलच्या हातावर ठेवली. बोटं पोळली म्हणून तिनं ती पटकन प्रेमानंदच्या ओंजळीत टाकली. त्याचीही बोटं पोळली. त्यानं मात्र ती खाली टाकली नाहीत. पूर्णेला पोचली तेव्हा शीतलचे तळहात पिवळे होते, आणि शाळेतल्या बायकांनी दुसऱ्या दिवशी विचारलंच, "काहून गं, कुठं हळद लावून आलीस?"

खरं तर घरी तो विषय निघालाच होता. अकोल्याचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बँकेत. आईला फार पसंत होतं. शीतल हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. काय सांगणार होती? की दोन महिन्यांतून एकदा भेटणारा एक माणूस आहे, आणि तो अजून काहीच बोललेला नाही?

मार्चच्या तारखेला पुन्हा अकरा वाजताच काम आटोपलं. बाहेर लिंबाखाली दोन बाकं होती. एका बाकावर जळबा, दुसऱ्यावर पुंजाजी. दोघांच्या पाठी एकमेकांकडे. पुंजाजी एकटाच आला होता. त्याच्या साखऱ्याच्या बसला चार तास होते. तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. लहानपणी याच काकानं शीतलला खांद्यावर बसवून विहिरीत डोकावायला शिकवलं होतं.

"आज सिद्धेश्वर धरणावर जाऊ," प्रेमानंद म्हणाला. "पाखरं आहेत अजून. बाहेरच्या देशातली."

"पुंजाकाकालाही नेऊ," शीतल म्हणाली.

प्रेमानंदनं तिला दोन पावलं बाजूला घेतलं. "मी त्यांना बोलावू शकत नाही. मी तुमच्या बाजूचा वकील आहे."

"मी बोलावते. माझा काका आहे."

"शीतल..." त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. "हे दोघं दिवसभर एकत्र राहिले तर दावा मिटेल."

"मिटू दे की."

"मिटला तर तुम्ही हिंगोलीला कशाला याल?"

हा माणूस दावा लांबावा म्हणत नव्हता. फक्त काय होणार ते सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज खाली गेला होता. तिनं एकदा वडिलांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं, एकदा काकाच्या. मग सरळ चालत दुसऱ्या बाकाकडे गेली.

"काका, धरण पाहायला चला. एकटे काय बसता?"

पुंजाजीनं मान वर केली. "दादा येऊन राहिला काय?"

"हो."

"त्याला चालंल?"

"त्यांना दिसतंय कुठं," शीतल म्हणाली, आणि पुंजाजी चपापला. मोतीबिंदूचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये चौघं दाटीवाटीनं बसले. धरणाच्या काठावर वारा होता. लांब पाण्यावर बदामी रंगाची पाखरं तरंगत होती. जळबा डोळे बारीक करून पाहत होते.

"कुठंत रे?" ते कुणाला उद्देशून न बोलता म्हणाले.

"डाव्या हाताला, दादा," पुंजाजी म्हणाला. "खडकापाशी. जोडी जोडीनं हायेत."

मग पुंजाजीनं जळबांचा हात धरून त्यांना उतारावरून खाली, पाण्याजवळ नेलं. वर शीतल आणि प्रेमानंद उभे. खालून अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. "मला एका शब्दानं सांगितलं न्हाई..." "तू कवा इचारलंस?" "डोळ्याची तकलीफ कवापासून?" आणि मग दोन म्हाताऱ्यांचं नाक ओढणं.

"मिटला," प्रेमानंद म्हणाला.

"हं," शीतल म्हणाली. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते. तिनं ते मागे सारले नाहीत. डोळे भरले होते ते त्यामुळे दिसत नव्हते.

एप्रिलमध्ये तडजोडीचे कागद झाले. आठवड्यातून चार दिवस पाणी पुंजाजीचं, तीन दिवस जळबांचं. सह्या झाल्या तशी दोघं भाऊ साखऱ्याच्या बसमध्ये चढले. "आज तिकडंच मुक्काम," जळबा खिडकीतून म्हणाले. "तू साडेपाचची वाट नको पाहू, नांदेडवरून जाय. वकील साहेब, तुमी गावाकडंच निघालाव न्हवं? पोरीला नांदेडच्या गाडीत बसवून द्या."

वारंगा फाट्यापर्यंत दोघं शेजारी बसून आली. तिथं गाडी बदलायची होती. फाट्यावर ट्रकांची धूळ, भज्यांचा वास, आणि प्रेमानंद नुसता घड्याळ पाहतोय.

"रविवारी अकोल्याचे लोक मला पाहायला येतायत," शीतल म्हणाली.

त्याचा हात घड्याळावरच राहिला. "तुम्हाला... पसंत आहे?"

"कोर्टात तुम्ही असेच बोलता का?"

"कोर्टात समोर तुम्ही नसता." त्यानं कोट या हातावरून त्या हातावर घेतला. "मी ज्युनियर आहे. आई शेतात जाते, घर दोन खोल्यांचं. बँकेतल्या मुलापुढं मी काय सांगू? पण... मला तुम्ही पाहिजे. पहिल्या दिवशी हाक मारलीत तेव्हापासून."

शीतलचे कान गरम झाले. नांदेडची बस वळण घेत होती.

"हे मला सांगून काय होणार? बाबांना सांगा."

"ते लोक किती वाजता येणार?"

"अकराला."

"मी दहाला येतो."

तो साडेनऊलाच आला, आणि सोबत पद्माबाई, त्याची आई. पद्माबाईंनी केळीच्या दोन फण्या थेट शीतलच्या आईच्या हातात दिल्या. जळबा अंगणात दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच.

"केस तर मिटली, वकील साहेब. आता काहून?"

"शीतलला मागायला आलो, काका."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. जळबांनी वस्तरा खाली ठेवला. शीतलची आई दारात आली. "आन् अकोल्याचे? ते गाडीत बसले असतील की आता!"

ते बरोबर अकराला आलेच. मुलगा, वडील, मामा. शीतलच्या आईनं सगळ्यांना पोहे दिले. पाच मिनिटं अकोल्याचे लोक खाली पाहून खात होते. मग जळबांनी सगळं सरळ सांगून टाकलं. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला.

"म्हंजे तुमचं ठरलं काय?"

"माहं न्हाई ठरलं," जळबा म्हणाले. "लग्न तिला करायचं हाय. शीतल, भायेर ये."

ती दारात येऊन उभी राहिली. हाताला पोह्यांचं तेल. बँकेतला मुलगा सज्जन दिसत होता. त्यानं मानही वर केली नाही. प्रेमानंद मात्र तिच्याकडेच पाहत होता. त्याच्या बशीतले पोहे तसेच होते.

"तुमची माफी मागते," ती आधी अकोल्याच्या लोकांना म्हणाली. "उगीच तुम्हाला एवढा प्रवास पडला. मला आधी बोलायला पाहिजे होतं." मग वडिलांकडे वळली. आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. "बाबा, मला यांच्याशीच लग्न करायचंय."

पद्माबाई उठल्या, शीतलजवळ गेल्या आणि तिचा तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या.

"मंग प्रेमानंद," जळबा म्हणाले, आणि त्यांनी त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली, "खा की आता. निवून राहिलेत."