डाव्या खिशातली हिरवी बटणं

त्याचा खिसा फाटला तो नेमका वाचनालयाच्या जिन्यात. बटणं टपटप करत पायऱ्या उतरू लागली आणि खालून एक तरुणी पायऱ्या चढत होती, हनुवटीपर्यंत पुस्तकं घेऊन. अशा वेळी नायिकेच्या हातून पुस्तकं पडावीत अशी अपेक्षा असते. पण ती ग्रंथपाल होती. तिच्या हातून पुस्तक पडत नसे. तिनं गठ्ठा पायरीवर नीट ठेवला आणि घरंगळत आलेल्या एका बटणावर चपलेचा पाय दिला.

“शिंपी का तुम्ही?”

“नाही... संशोधक.”

“कशाचे? काजांचे?”

“सत्तेचे,” तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. रांगत रांगत बटणं वेचणाऱ्या माणसाच्या तोंडी तो शब्द शोभत नव्हता.

तरी त्यानं समजावून सांगितलं. छोट्या संस्थांमध्ये सत्ता कशी चालते, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी तो या वाचनालयाच्या समितीच्या बैठकांना कोपऱ्यात बसणार होता. वही काढली की माणसं सभ्य होतात, म्हणून बटणं. सगळी डाव्या खिशात. प्रत्येक सभासदाचा रंग वेगळा. एखाद्याचं वाक्य दुसऱ्यानं तोडलं, की ज्याचं तुटलं त्याच्या रंगाचं बटण गुपचूप उजव्या खिशात टाकायचं.

“आणि हिरवी कोणाची?”

“ग्रंथपालांची. त्यांची अजून भेट नाही झाली.”

तिनं वेचलेली हिरवी बटणं त्याच्या ओंजळीत ओतली. “झाली भेट. हिरवी फार कमी आणलीत.”

ते खरं ठरलं. पहिल्याच बैठकीत हिरवी संपली आणि त्याला करड्यांवर भागवावं लागलं. बटणं आत्याच्या डब्यातली होती. तो पुन्हा मागायला गेला तेव्हा आत्या म्हणाली, “ने बाबा, ने. पण बटणांच्या बदल्यात कधीतरी भाचेसून आण. नुसता डबा रिकामा करू नकोस.”

समितीचे अध्यक्ष समतेवर फार सुंदर बोलत. मध्ये कोणी बोलत नसे, कारण घंटी त्यांच्याच पुढ्यात असे. दुसऱ्याचं बोलणं लांबलं की ते ती वाजवत. दुसऱ्याचं बोलणं सुरू झालं, की त्यांना ते लांबल्यासारखं वाटे. शेजारी खजिनदार. त्यांचा एकच शब्द, “थोडक्यात!” आणि तो शब्द ते समोरच्यानं तोंड उघडायच्या आधी म्हणत.

त्या वर्षी एकच विषय पेटला होता. वाचनालय संध्याकाळी बंद करायचं. विजेचा खर्च वाचेल आणि संध्याकाळी येतं कोण? सभासद सगळे सकाळी वर्तमानपत्र वाचायला येत. संध्याकाळी त्यांच्यातलं कोणीच येत नसे, त्यावरून कोणीच येत नाही असा निष्कर्ष निघाला होता. ती प्रत्येक बैठकीत सुरुवात करी, “संध्याकाळी जे लोक येतात, ते...” आणि घंटी वाजे. ते लोक येऊन काय करतात, हे समितीला कित्येक महिने कळलं नाही.

त्याला कळलं. बैठक संपली की तो खालच्या खोलीत थांबू लागला. दिवसभर गाडी हाकून आलेला एक चालक भूगोल वाचत बसे. दुकानात उभं राहून पाय सुजलेल्या दोघी व्याकरणावरून भांडत. कोपऱ्यात एक मुलगी हाडांची नावं पाठ करी. आणि ग्रंथपाल पुस्तकांच्या फटीतून त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोले. लांबलचक, वळणं घेणारी वाक्यं, शेवटी एखादा चिमटा. या वाक्यांची सवय लागते, हे त्याच्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

“आज किती?” ती विचारी.

“सांगता येत नाही. गुप्त असतं.”

“खिसा सांगतोय की. उजवीकडे कलला आहात.” मग दोन्ही खिशांकडे निरखून, “हे तुम्हीच शिवलेत ना?”

“हो. का?”

“काही नाही. शिंपी नाही, हे पटलं.”

त्याच्या मार्गदर्शक बाई कडक होत्या. “आपण भिंत,” त्या सांगत. “भिंतीला कान असतात, तोंड नसतं. भिंत बोलली, की प्रकरण बाद.” पहिल्या प्रकरणाचा सगळा भार या वाचनालयावर होता, आणि ते गेलं तर वर्ष गेलं, हे तो जाणून होता.

मतदानाची बैठक आली. ती उभी राहिली. एरवी बसून बोलायची.

“संध्याकाळी जे लोक येतात, ते...”

घंटी. हिरवं बटण.

“संध्याकाळी जे लोक—”

“थोडक्यात!” हिरवं बटण.

तिनं ओठ मिटले, एक लांब श्वास घेतला... आणि कोपऱ्यातून आवाज आला, “अहो, त्यांचं वाक्य पूर्ण होऊ द्या ना!”

सगळ्यांनी वळून पाहिलं. भिंत उभी होती. कानापर्यंत लाल.

“हे कोण?” अध्यक्षांनी विचारलं. इतके महिने ते त्याला पंखा दुरुस्त करायला आलेला समजत होते.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. बाहेरच्या माणसाला बोलायचा अधिकार आहे का, यावर चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाला, आहे. दुसरा म्हणाला, पण उभं राहून नाही. त्याला खुलासा करायला सांगितलं आणि त्यानं तो सविस्तर केला. सगळे त्याच्याबद्दल बोलत होते. तिच्या वतीनं बोलणाराही तोच होता आणि ती मात्र उभीच होती.

तेवढ्यात घंटी वाजली. लांब, खणखणीत. ती तिच्या हातात होती.

“आता सगळे गप्प,” ती म्हणाली. मग कोपऱ्याकडे पाहून, “तुम्हीसुद्धा.”

भिंत बसली.

“संध्याकाळी जे लोक येतात, ते सकाळी तुमच्या कामाला गेलेले असतात. म्हणून तुम्हाला इथे दिसत नाहीत. अध्यक्षसाहेब, तुमच्या गुडघ्यांचा व्यायाम घ्यायला येते ना, ती मुलगी या क्षणी खाली बसली आहे. परीक्षा आहे तिची. दिवे घालवायचे असतील, तर तिला तुम्ही स्वतः सांगा. मी सांगणार नाही.”

अध्यक्षांनी गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ही घटना वाचनालयाच्या इतिहासात नवी होती. शेवटी ठरलं, वाचनालय सकाळी जरा उशिरा उघडायचं आणि संध्याकाळ राहू द्यायची. ही कल्पना आपलीच, असं अध्यक्षांनी बैठक संपताना सांगितलं. कोणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जिन्यात भेटली. रागातच होती.

“मी श्वास घेत होते. श्वास! आणि तेवढ्यात तुम्ही बोललात. त्या बटणाचं काय केलंत?”

त्यानं मुकाट्यानं एक हिरवं बटण डाव्या खिशातून काढलं आणि उजव्या खिशात टाकलं.

“हं,” ती म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, “बाई काय म्हणाल्या?”

“प्रकरण बाद. दुसरं वाचनालय शोध म्हणाल्या. आणि कारण म्हणून लिही म्हणाल्या, की निरीक्षक अभ्यासक्षेत्राच्या प्रेमात पडला.”

“लिहिलंत?”

“नाही. म्हणजे... ते चूक आहे. क्षेत्राच्या नाही. म्हणजे मला असं म्हणायचंय, की संध्याकाळी जे लोक येतात, त्यांच्यात मीही... प्रबंध नसला तरी... म्हणजे तुमची हरकत—”

“नाही.”

“माझं वाक्य अजून—”

“तोडलं. कळलं मला. तुमचा रंग कोणता?”

“निरीक्षकाला बटण नसतं.”

तिनं पर्स उघडली, तळाशी चाचपडली आणि एक हिरवं बटण काढलं. “हे पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे. चपलेखालचं. तुम्ही मागितलंच नाहीत.” तिनं ते त्याच्या उजव्या खिशात टाकलं, हात काढायला जरा वेळ लागला, कारण शिवण खरोखरच वाईट होती.

“आता करा पूर्ण,” ती म्हणाली. “मी मध्ये बोलणार नाही.”

त्यानं वाक्य पूर्ण केलं. खाली कोणीतरी हाडांची नावं पाठ करत होतं, म्हणून अगदी हळू आवाजात.