ओला अंगठा

मशीन सुदर्शनचा अंगठा ओळखायला तयार नव्हतं.

"प्लीज ट्राय अगेन," ते पुन्हा म्हणालं, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आता मशीन बी याला नको म्हणून राहिली!"

अर्धापूरजवळच्या त्या केळीच्या पॅकहाउसमध्ये उज्वलाचा तो पहिलाच आठवडा होता. लातूरला बी.कॉम. झालेली, इथं हजेरी आणि कॉम्प्युटर तिच्याकडे. हसणं ऐकून ती केबिनबाहेर आली. समोर केळीच्या चिकानं काळपट झालेला शर्ट, आणि त्यात एक ओशाळलेला, तरी हसरा चेहरा.

"हात ओला आहे तुमचा."

"दिवसभर हौदातल्या केळीच्या फण्या काढायच्या, मॅडम. कोरडा कुठून आणू?"

तिनं विचार न करता ओढणीचं टोक पुढं घेतलं. पाण्यानं सुरकुतलेला तो अंगठा पुसला... नीट पुसला, आणि मशीनवर दाबून धरला. हिरवा दिवा लागला.

"झालं."

"इतक्यात?" तो म्हणाला.

ती तिथं हसली नाही. केबिनमध्ये जाऊन हसली.

त्यानंतर दुपारच्या चहाला तो तिच्या खिडकीत कप ठेवून जाऊ लागला. बाहेर बायका रिकामे क्रेट पालथे घालून बसायच्या, हात उन्हाकडे पसरून. गप्पा हातांपेक्षा लांब पसरायच्या. ही सुट्टी पगारी होती, पॅकहाउस सुरू झाल्यापासून.

"बिस्किट बुडवायचं असतं, मॅडम. नुसतं बघून नरम होत न्हाई."

"नरम काय होतं ते तुम्हाला बरं कळतं."

"बिस्किटाचं कळतं. बी.कॉम.वाल्यांचं... शिकायलो अजून."

एका दुपारी कंटेनर उशिरा भरला. मॅनेजर भागवत साहेब केबिनमध्ये येऊन चिडून म्हणाले, "वेळ जातो कुठं आपला?"

उज्वला लगेच बोलली. फार लगेच. "सर, चहाची सुट्टी लांबते. जाताना-येताना अंगठा घेतला, तर जास्तीचा वेळ कामाच्या तासांतून वजा करता येईल."

"हुशार आहेस," साहेब म्हणाले. तो शब्द तिला संध्याकाळभर पुरला.

पुढच्या सोमवारी फलक लागला. साहेबांनी आपली भर घातली होती : सुट्टी निम्मी, तीही बिनपगारी, आणि परतल्यावर वेळेत अंगठा उमटला नाही तर अर्धा दिवस गैरहजर.

आता क्रेट पालथे होईनात. चहा उभ्यानं घशाखाली जायचा आणि ओले हात मशीनपुढं रांग लावायचे. धोंडाबाई, सुदर्शनची आई, अंगठा पदराला पुसत होती; पदरही ओलाच. उज्वला धावत गेली. ओढणीनं तिचा अंगठा पुसायला लागली, तोवर वेळ टळली होती.

"ऱ्हाऊ दे, बाई," धोंडाबाई हात मागं घेत म्हणाली. "वढणीला चिकाचा डाग पडल. निघत न्हाई तो."

उज्वलाला मान वर करता आली नाही.

त्या दिवशी सुदर्शन खिडकीशी आला, कप न घेता.

"मॅडम, हे डोकं कुणाचं?"

"ते... वरून आलं."

त्यानं मोठा श्वास सोडला. "वाटलंच मला. तुम्ही असलं करणार न्हाई." आणि तो हसला. त्या हसण्यापुढं तिला शिवी परवडली असती. "चालत आलेली पगारी सुट्टी नोटीस न देता काढतेत व्हय? नांदेडला कामगार हापिसात अर्ज देणार आम्ही."

अर्जावर सह्या सुरू झाल्या, तसे साहेब आवारात आले.

"मागणी तुमच्याच लोकांची होती. सुट्टी कमी करून लवकर घरी जायचं होतं ना? विचारा या मॅडमना."

सगळे तिच्याकडे वळले. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. नोकरी राहिली असती, खिडकीतला कपही.

"मागणी कुणाचीच नव्हती," ती म्हणाली. "मी सुचवलं होतं. ओला अंगठा उमटत नाही हे मला माहीत होतं... पहिल्या आठवड्यापासून."

सुदर्शनकडे बघायचं तिनं टाळलं. तरी दिसला तो. अंगठा मुठीत मिटून उभा.

"केबिनमध्ये या," साहेब म्हणाले.

"येते. आधी सही करते."

नांदेडहून विचारणा आली, तसा फलक उतरला. सुट्टी पूर्वीसारखी पगारी झाली. कॉम्प्युटर मात्र उज्वलाकडून काढून घेतला. साहेबांना वाटलं, हौदावर पाठवलं की ती आपणच राजीनामा देईल. तिनं दिला नाही. धोंडाबाईशेजारी उभी राहून ती फण्या धुवायला शिकली. सुदर्शन क्रेट उचलायला यायचा, उचलून जायचा. एक शब्द नाही. तिनंही मागितला नाही.

एका संध्याकाळी घरी जाताना तिचा अंगठा उमटेना.

"प्लीज ट्राय अगेन."

बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, ओढणीही ओलीच. ती तशीच उभी राहिली. मागून एक हात पुढं आला. हातात कोरडी दस्ती होती, घडी घातलेला रुमाल. त्यानं तिचा अंगठा धरला आणि पुसायला लागला.

"राग... गेला?"

"न्हाई."

"मग?"

"राग हाय म्हणून तुमचा अंगठा वला ठेवू?" तो मान खाली घालून पुसत राहिला. "खोटं बोललाव तुम्ही माझ्याशी. ते लागलं. बाकीचं तर सगळ्यांदेखत बोललाव."

"मला अजून लाज वाटते, सुदर्शन."

"वाटू द्या." मग हळूच — "उद्या चहाला माझ्या बाजूचा क्रेट धरून ठेवतो."

"आईंना चालेल?"

"तिनंच सांगितलंय."

त्यानं तिचा अंगठा मशीनवर टेकवला. हिरवा दिवा लागला. हात मात्र तसाच राहिला... त्याचाही, तिचाही.

"ए सुदर्शन!" रांगेतून धोंडाबाई ओरडली. "लाईट लागली की रं! सोड आता, आमालाबी घरी जायचंय!"