चार बोटं बाहेर

मिलला कुलूप लागलं, तेव्हा सुधाकर बापटनं पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या भागात एक पत्र्याची शेड घेतली आणि हायड्रॉलिक सिलिंडर बनवायला लागला. सोबत मिलचाच जुना फिटर, तुकोजी पवार. मिलच्या गेटबाहेर धरणं देऊन देऊन दोघंही पार विटले होते. आता पीथमपूरच्या एका टिपर ट्रक बनवणाऱ्या कंपनीनं नमुन्याचा एक सिलिंडर मागवला होता. पास झाला तर काम, नाही तर शेडलाही कुलूप.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली. एका बाजूनं तेल सोडलं की रॉड बाहेर, दुसऱ्या बाजूनं सोडलं की आत, इतका सरळ मामला. बाहेर झकास आला. आत जाताना मात्र चार बोटं बाहेर राहून अडला तो अडलाच.

सुधाकरनं तोंडाकडचं झाकण फिरवून काढलं, रॉड उपसला, आत टॉर्च मारला. नळी आरशासारखी लख्ख. तळाचं वेल्डिंगही ठीक.

"दादा, आत काही राहिलं तर नव्हतं?"

"छे हो भिया! वेल्डिंगच्या आधी मीच साफ केली की. कॉम्प्रेसर बंद, मग तोंडानं फुंकर मारली. मिलमध्ये जिंदगीभर दुसरं काय केलं?"

पुन्हा जोडला. पुन्हा चार बोटं. सुधाकर इरेला पेटला, त्यानं प्रेशर वाढवलं. रॉड केसभर सरकला आणि मागं तुकोजी खोकला. आणखी वाढवलं, तर तुकोजी छाती धरून स्टुलावरच बसला. तोंड उघडं, पण श्वास काही येईना.

सुधाकरनं घाबरून लिव्हर सोडला, पंप बंद केला. तुकोजीनं मोठ्ठा श्वास घेतला. रॉड हळूच बाहेर आला. तुकोजीनं श्वास सोडला. रॉड जरासा आत गेला.

बाहेर. आत. बाहेर.

पंप बंदच होता.

सुधाकरनं पंपाचं बटण पुन्हा तपासलं. भुताखेतांच्या गोष्टींना हसणारा माणूस, पण आता हसू आणणार कुठून?

तेवढ्यात कंपनीचे साहेब दारात हजर. "हां भिया, दिखाओ. फुल क्लोज होना चाहिए, नहीं तो मैं चला."

सुधाकरनं पंप चालू केला, पण लिव्हरवर हात जाईना. काम नको, असं म्हणायचीही हिंमत होईना.

"ओढा, भिया," तुकोजी म्हणाला.

"दादा, नको."

"ओढा म्हणतो ना! परत त्या गेटबाहेर नाही बसायचं मला."

सुधाकरनं डोळे मिटले आणि लिव्हर ओढला.

रॉड सर्रकन आत गेला. पार शेवटपर्यंत.

"बढ़िया! ऑर्डर पक्का समझो," म्हणत साहेब गेले.

सुधाकर वळला. तुकोजी स्टुलावर ताठ बसून हसत होता. झालं ना, असं त्यानं मानेनंच विचारलं, बिडी ओठांत धरली आणि काडीसाठी हात पुढं केला. सुधाकरच्या जिवात जीव आला. त्यानं स्वतःच काडी ओढून बिडीपाशी धरली.

बिडी काही पेटेना.

काडी जळत सुधाकरच्या बोटांपर्यंत आली. तुकोजीच्या नाकासमोर ज्योत सरळ उभी होती. जराही हलली नाही.