पागोट्यातले विडे

“आईसाहेब, विडा कुणीच चावला नाही. सगळ्यांनी पागोट्यात खोवला,” दसऱ्याचा दरबार उठल्यावर गडावर नुकतीच आलेली दाई चिमणाक्का कुजबुजली. कांडणगडच्या तरुण विधवा राणी पद्मकुंवर हसल्या. “अगं, आमच्या माळव्यात विडा घरच्या लक्ष्मीसाठी नेतात!” किल्लेदार दलेलसिंग बुंदेल्यानेही तो शिष्टाचारच मानला. कांडणगडावर मात्र किल्लेदाराच्या हातचा विडा तिथल्या तिथे चावणे म्हणजे वर्षभराचे इमान. परमुलखातल्या या दोघांना ते ठाऊक नव्हते, आणि ज्याने सांगायचे तो गड राखणाऱ्या नाईकांचा म्होरक्या, सरनाईक सटवोजी, मुद्दाम गप्प होता.

दुसऱ्या दिवशी कड्यांवरून धुके उतरत होते, पूर्वेच्या बुरुजावर उजेड फुटत होता, आणि तान्ह्या राजांना खांद्यावर घेऊन खिडकीशी उभ्या असलेल्या राणीसाहेबांना काहीतरी चुकल्यासारखे वाटले. खाली नाईकवाड्यात रोज पहाटे पोरांचा कालवा उठे. आज एकही मूल रडले नव्हते. तान्ही मुले काही एकाच दिवशी शहाणी होत नाहीत.

“किल्लेदार, नाईकांनी पोरेबाळे गडाखाली काढली आहेत. घाटात दिल्लीकर फौजदाराची छावणी आहे. दरवाजा सांभाळा!”

महाद्वारी सटवोजीचा हात अडसरावर पडलाच होता. मागे नाईक मंडळी, पागोट्यात सुकलेले विडे.

“बापजाद्यांनी आमच्या हा तट बांधला, अन् चाव्या बुंदेल्याच्या कमरेला!” तो गरजला. “सबनीस कर्नाटकातला, तोफांच्या दारूखान्यावर अरब. आमच्या पोरांनी काय यांच्या घोड्यांची लीद उपसायची?”

“हे दरबारात का नाही मांडलेत?” बाळराजांना घेऊन किल्लेदारासोबत तिथे पोचलेल्या राणीसाहेबांनी विचारले.

“मांडलं की! दिवाणजी जांभया देत बसले.”

गाऱ्हाणे खरे होते. म्हणूनच त्याच्या आडून मांडलेला सौदा अधिक ओंगळ होता.

“आणि फौजदार कुठला, सरनाईक? तुमच्या मामाच्या गावचा?”

मागे कोणीतरी फिसकन हसले. सटवोजी चिडला आणि बोलून गेला, “त्यानं मला किल्लेदारी कबूल केलीय!”

“तुला?” म्हातारा रखमोजी नाईक पुढे आला. “आमाला तर म्हनला हुतास, गडाची समदी कामं गडच्याच मान्सांना!”

राणीसाहेबांनी बाळराजांना दरवाजासमोरच्या थंड फरशीवर ठेवले. “मीही परमुलखातली. प्रत्येक सून परमुलखातलीच असते, तुमच्या आयासुद्धा. फौजदाराची घोडी आत येतील ती याच्यावरून येतील.”

रखमोजीने पागोट्यातला विडा काढला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी.

सटवोजीने अडसर ओढला. दलेलसिंगाने तो खांद्याने परत रेटला. पाठीत सटवोजीच्या दांडपट्ट्याचा घाव बसला तरी रेटला, अडसर खोबणीत बसला तेव्हाच तो खाली कोसळला. गडबडीत सटवोजी चोरदिंडीने निसटला. गड हाती न आल्यावर फौजदाराने त्याला छावणीतल्या लिदीवर मुकादम नेमले. तेवढी किल्लेदारी त्या स्वाभिमानी पुरुषाने मुकाट्याने केली.

दलेलसिंग त्याच संध्याकाळी गेला. किल्लेदारी रखमोजीला मिळाली. त्या दरबारात दिवाणजींना जांभई आली नाही. नाईकांच्या बायका मुलांसह परतल्या, दलेलसिंगाची विधवा केसरकुंवरही तान्ह्या मुलीसह गडावरच राहिली, पण तिचा उंबरा कोणी ओलांडेना. परकीच ना! राणीसाहेब तेवढ्या रोज पहाटे खिडकीशी उभ्या राहत आणि त्या घरातून रडणे ऐकू आले, की मगच दिवसाच्या कामाला लागत.

वाचकहो, तुमच्याही जिन्यावर परप्रांतातून सरकारी बदलीवर आलेल्या कुणाचे घर असेल. त्याच्या खुर्चीबद्दल आपण चहा पिता पिता बरेच बोलतो. त्याची बायको तान्हे मूल घेऊन दिवसभर एकटी असते. आज त्या घरातून मूल रडल्याचे ऐकलेत का? नसेल, तर पुस्तक मिटा आणि आधी तिची कडी वाजवून या.