डावीकडचं वल्हं

मोजणीदारांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच उरल्या होत्या, म्हणून मुलीने परगावाहून फोनवरच त्यांचं नाव तलावावरच्या होडीच्या क्लासात घातलं. दोन आठवड्यांत त्यांना वल्हं मारणं बऱ्यापैकी जमू लागलं. त्या धुक्याच्या सकाळी त्यांच्याशिवाय कोणी फिरकलंच नाही.

"काका, आज एकटेच जा," शिकवणारी म्हणाली. "मागे बसा. पुढची जागा रिकामी, त्यामुळे होडीचं नाक जरा वर उचललं जाईल. आणि नुसतं उजवीकडे मारत राहिलात तर होडी डावीकडे वळत जाईल. दर वेळी शेवटी वल्ह्याचं पातं बाहेर ढकलायचं, म्हणजे सरळ राहते."

ते निघाले. काठ धुक्यात विरून गेला. शेवाळाचा ओला वास, पात्यावरून ठिबकणारं पाणी, बाकी चिडीचूप. धुक्याच्या वर डोकं काढलेल्या पाण्याच्या टाकीवर नजर ठेवून ते उजवीकडे वल्हं मारत राहिले.

बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की पातं बाहेर ढकलायचं आपण केव्हाच विसरलोय. तरी टाकी नाकासमोरच होती. सगळी हयात सरळ रेषा आखण्यात गेलेली. त्यांची नजर यात चुकणारी नव्हती.

त्यांनी मुद्दाम चार वल्ही जोरात मारली. होडी तसूभरही वळली नाही.

मग त्यांनी नीट पाहिलं. नाक वर उचललेलं नव्हतं. पुढे कुणी बसल्यासारखं पाण्यात दबलं होतं. आणि त्या रिकाम्या जागेच्या डावीकडे, त्यांच्या प्रत्येक वल्ह्याबरोबर, एक छोटा भोवरा उमटत होता.

त्यांनी वल्हं मांडीवर घेतलं. भोवरेही थांबले.

"कोण आहे...?"

बायको नव्हे. ती पाण्याला इतकी भ्यायची, की काठावरसुद्धा बसत नसे.

"मला... परत जायचंय," ते पुटपुटले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डावीकडे एक लांबलचक भोवरा उमटला, आणि होडी सावकाश वळली. परतताना दोन वल्ह्यांचा ताल एकदाही चुकला नाही.

"छान सरळ आणलीत," म्हणत शिकवणारीने पुढचं टोक उचलायला घेतलं, आणि ती थबकली. "केवढी जड... पाणी शिरलं का?"

होडी कोरडी होती. दुसऱ्यांदा उचलली, तेव्हा हलकी लागली.

घरचा रस्ता रिकामाच होता. तरी मोजणीदार कडेकडेने चालले, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. असं का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी कुलूप काढलं, आत गेले, चपला काढल्या आणि दार लावायला वळले.

दार लागलेलं होतं. आतून कडीही घातलेली होती.