आधी बॅटरी, मग कुळ

टेरिल पहिल्यांदा आमच्या दारात आला तेव्हा माझ्या हातात बर्फाची जड पिशवी होती, आणि ती त्याच्या डोक्यात घालावी असं मला अगदी मनापासून वाटलं.

मी नुकतीच काएंटा गावाहून बर्फ घेऊन आले होते. एक दिवसाआड तेवढ्यासाठी जावं लागायचं. बाबांचं इन्सुलिन गार ठेवायला दुसरा उपायच नव्हता. घरामागच्या सौर पॅनेलची बॅटरी वसंतातच मेली होती, फ्रिज बंद होता, आणि बॅटरी बसवून गेलेली शहरातली कंपनी फोन उचलत नव्हती. बसवताना मात्र बाबांना पॅनेलशेजारी उभं करून फोटो काढले होते. हसा म्हणाले, बाबा हसले. आमच्या डोक्यावरून विजेच्या जाडजूड तारा शहरांकडे जातात, आमच्या मेंढ्या त्या खांबांच्या सावलीत बसतात, आणि आमच्या घरात त्यांच्यावर एकही दिवा लागत नाही. तेव्हा मला राग का येतो, असं कोणी विचारू नये.

पिकअपमधून एक उंच तरुण उतरला. मानेवर केसांचा घट्ट अंबाडा, हातात मीटर. आमच्याच दिने आदिवासी जमातीतला. त्याने रीतीप्रमाणे नमस्काराला अलगद हात पुढे केला.

"याआतेए. मी टेरिल. माझं कुळ—"

"कुळं नंतर. आधी बॅटरी!"

"पण निदान ओळख तरी—"

"बॅटरी मागे आहे. ओळख तिच्याशी करून घ्या. मेलीय ती."

त्याने बॅटरीचा डबा उघडला. आतून गरम वाफ आली.

"हा इथे कोणी बसवला?"

"ज्यांचे तुम्ही नोकर, त्यांनीच!"

"मी त्यांचा नाही हो. ते पैसे घेऊन पळाले. आता दुरुस्तीला आम्हीच आहोत, इथलीच माणसं." त्याने ओठ पुढे काढून डब्याकडे दाखवलं. "पत्र्याचा डबा, हवा जायला फट नाही, आणि तोंड दक्षिणेच्या उन्हाला. तुमची बॅटरी मेली नाही. तिला भाजून मारलंय."

आणि त्याने त्या डब्याला सणसणीत लाथ घातली.

मला फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांत माझ्याइतकं चिडलेलं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. आणि ओठांनी दिशा तर आमच्यात सगळेच दाखवतात, बाबाही दाखवतात… पण बाबांच्या ओठांकडे मी कधी इतका वेळ पाहत राहिले नव्हते.

दुसऱ्यांदा तो आला तेव्हा नवी बॅटरी आलीच नव्हती.

"म्हणजे हात हलवत आलास?" मी विचारलं. 'तुम्ही'चा 'तू' केव्हा झाला कोण जाणे. भांडणात तेवढं होतं.

"नवी गोदामात अडकलीय." त्याने पिकअपमधून एक छोटी बॅटरी उतरवली. "ही लहान आहे, पण दिवसा फ्रिज ओढेल."

"ही कुठून आणलीस?"

"माझ्या घरची आहे."

"मग तुझ्या घरी?"

"कंदील आहे ना." मग स्क्रू आवळता आवळता, माझ्याकडे न बघता— "मी एकटाच असतो."

ते 'एकटाच' त्याने उगाच जरा लांबवलं. मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले. चपातीत भाजलेलं मटण आणि भाजलेली हिरवी मिरची घालून आणलं. पहिल्या घासाला त्याच्या डोळ्यांत पाणी.

"इतकं तिखट?"

"मी केलंय म्हणून."

"तरीच ओळखीची चव लागली."

मग आम्ही सावलीत बसून त्या कंपनीला शिव्या घातल्या. आळीपाळीने. त्याच्या शिव्या साध्या होत्या, माझ्या चांगल्या होत्या. तो हसायला लागला की त्याचा अंबाडा सैल व्हायचा, आणि तो नीट करायला माझा हात शिवशिवायचा.

तेव्हाच विचारायला हवं होतं. आमच्यात दोन तरुण माणसं भेटली की पहिलं वाक्य कुळाचं. आधी आईचं, मग बापाचं. जुळलं तर नातं ठरलं, आणि नातं ठरलं की नजर खाली, विषय संपला. मी पुन्हा पुन्हा तोंड उघडलं, आणि दर वेळी विचारलं काय, तर आणखी कॉफी हवी का. त्यानेही प्रत्येक वेळी हो म्हटलं. पोटात किती कॉफी गेली असेल त्याच्या!

नवी बॅटरी आली त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. बाईपाऊस, आम्ही म्हणतो तसा. आरडाओरडा न करणारा, हळूहळू मुरणारा. टेरिलने उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, लाकडाची नवी पेटी बसवली, आत उष्णता अडवणारा थर लावला, दोन्ही बाजूंना हवेला वाट ठेवली. तारा जोडल्या. स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरला… आणि मला चक्क रडू आलं.

"पाऊस आहे तोंडावर," मी म्हटलं.

"दिसतंय," तो म्हणाला.

आम्ही वळचणीखाली उभे होतो. त्याच्या पिकअपची चाकं लाल चिखलात अर्धी रुतली होती. त्याचं त्याला काही दुःख झालेलं दिसत नव्हतं.

"काम संपलं, डेल्फीन."

"मग जा."

"जातो… पण आता इथे यायला कारण उरलं नाही."

"कारण कशाला लागतं? मला भांडायला कोणीतरी लागतंच."

"मी रोज येऊन भांडेन." तो पेटीवर हात ठेवून म्हणाला, "डेल्फीन, माझं तुझ्यावर—"

"कळलं! बॅटरीवर हात ठेवून सांगू नकोस, शॉक बसेल." आणि मग मी बोलून टाकलं. "माझंही." भांडल्यासारखंच बोलले, पण बोलले.

त्याची ओली करंगळी माझ्या करंगळीला लागली आणि तिथेच राहिली. बराच वेळ आम्ही दोघंही पावसाकडे बघत होतो.

"आता कुळ—" तो अगदी हळू म्हणाला.

"पाऊस थांबू दे," मी म्हटलं.

पाऊस थांबायच्या आधी बाबा आले. याआधी दोन्ही वेळा ते मेंढ्यांमागे होते. आज भिजून लवकर परतले, घरातला दिवा पाहिला, फ्रिज उघडून आत हात घालून पाहिला, आणि लहान पोरासारखे हसले. मग टेरिलचा हात हातात घेतला.

"कोणाचा रे तू, बाळा?"

टेरिलने टोपी काढली. "आईकडून मी मिठाच्या कुळाचा."

सुटले मी! आई गेली, पण तिचं कुळ ते माझं, कडूपाणी. मीठ चालतं.

"आणि वडिलांकडून," टेरिल म्हणाला, "कडूपाणी."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "कडूपाणी! अरे, म्हणजे तुझा बाप डेल्फीनच्याच कुळातला! ही तर तुझी आत्या लागते!" त्यांना केवढा आनंद झाला होता. घरचंच माणूस निघालं. "काय गं आत्याबाई, भाच्याला जेवायला घातलंस की नुसतीच भांडलीस?"

"घातलं," टेरिल खाली बघत म्हणाला. "आत्याने… घातलं."

कंपनीशी भांडता येतं. कुळाशी कोण भांडणार?

आणि तरीही मला राग कुळाचा आला नाही, बाबांचाही नाही. त्या फोटो काढणाऱ्यांचा आला. त्यांनी काम नीट केलं असतं तर मी पहिल्याच दिवशी माणसासारखी त्याचा हात हातात घेतला असता, कुळ ऐकलं असतं, भाचा म्हणून कॉफी पाजली असती आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेले असते. पण माझ्यात त्यांनी इतका राग भरून ठेवला होता की साध्या ओळखीलाही जागा राहिली नाही. दिवा नेला तो नेला, वर हेही नेलं माझं!

पाऊस ओसरल्यावर मी आमच्या गाडीला साखळी लावून त्याची पिकअप चिखलातून ओढून काढली. त्याने काच खाली केली.

"बॅटरी बिघडली तर फोन कर. मी स्वतः येईन."

"आणि नाही बिघडली तर?"

त्याने स्टिअरिंगकडे बघत गिअर टाकला.

"तर… नको करूस, डेल्फीन."

त्याला वर्ष होऊन गेलं. हिवाळ्यात पॅनेलवर हिम साचलं, ते मी झाडूने झाडलं. वादळात काएंटाची वीज दोन दिवस गेली, तेव्हा लोक आपली औषधं आमच्या फ्रिजमध्ये ठेवून गेले. बाबा सगळ्यांना ती पेटी दाखवतात, भाच्याने बसवली म्हणून सांगतात. रोज सकाळी मी तिला कान लावून बघते. एखादा खट्ट, एखादी कुरकुर, काहीतरी…

एकदाही बिघडली नाही. मेल्याला इतकं चांगलं काम करायला कोणी सांगितलं होतं!